भोकाची जागा: ड्रिल जिगची कुळकथा

5 नोव्हेंबर 1985 रोजी वाळूजच्या बजाज कारखान्याचं उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झालं. शेजारी कामगारांचं बजाजनगर वसलं आणि एमआयडीसीत सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे व्हेंडर आले. या व्हेंडरांकडे पिलर ड्रिलपाशी जे लोखंडी धूड असतं, त्याची ही हकिकत. ते म्हणजे ड्रिल जिग. जॉब आत बसवायचा, क्लॅम्प आवळायचा आणि कडक पोलादाच्या बुशमधून ड्रिल खाली सोडायचं. भोक कुठे पाडायचं, हा प्रश्न मशीनवरच्या माणसापुढे येतच नाही.

जिग नव्हता तेव्हा हाच प्रश्न म्हणजे अर्धी कारागिरी होती. सुतार गुण्या लावून रेघ मारी, मगच सामता धरी. फिटर लोखंडाला मोरचुदाचं पाणी फासतो, तांबूस थरावर हाइट गेजनं रेघा ओढतो, त्या छेदतात तिथे आधी डॉट पंच आणि मग सेंटर पंच मारतो. आयटीआयची मुलं हे आजही शिकतात, आणि शिकावंच. पण रेघेला जाडी असते, पंच किंचित कलतो, ड्रिलचं टोक घसरतं. एकच नग असेल तर कानस मारून जमवून घेता येतं. हजार नगांना हजार तऱ्हांची कानस लागते.

या कानसकामाचा कंटाळा आधी बंदुकवाल्यांना आला. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक यानं बंदुकीच्या चापाचे भाग इतके सारखे बनवले, की 1785 साली अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन यांनी ढिगातले हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः चाप जोडले आणि ते मायदेशी कळवलं. तिकडे हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जॉन हॉल यानं 1820 च्या दशकात हेच काम पुढे नेलं.

माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष हॉलच. पहिलं भोक कडेपासून मोजायचं, दुसरं पहिल्यापासून, तिसरं दुसऱ्यापासून, असं करत गेलं की प्रत्येक मापातली चूक पुढच्यात मिसळत जाते. हॉलनं ठरवलं, की भागावरची एकच जागा पक्की धरायची आणि सगळी मापं तिथूनच घ्यायची. आज वाळूजच्या ड्रॉइंगवर ‘डेटम’ लिहिलेलं असतं, ते हेच. चांगल्या जिगमध्ये जॉब तळाला तीन टेकूंवर बसतो, बाजूला दोन आणि टोकाला एका टेकूला भिडतो. या सहांतच त्याचं हलणं-फिरणं बंद होतं. सातवा टेकू लावणारा शहाणा जॉब डुगडुगवतो.

बाकीचा वंशविस्तार पटकन सांगता येतो. 1863 मध्ये स्टीफन मोर्सनं पिळाच्या ड्रिलचं पेटंट घेतलं, त्यामुळे भोकातला चुरा आपोआप वर येऊ लागला. बंदुकांमागून शिलाई मशीन, सायकली आणि मोटारी याच वाटेनं आल्या. जिगमधली भोकं अचूक पाडायला जिग बोअरिंग मशीन निघालं. आता व्हीएमसी या संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवर भोकाची जागा प्रोग्रॅममध्ये लिहिलेली असते, तिथे बुश लागत नाही. तरी जिथे व्हीएमसीचा तासाचा दर परवडत नाही, तिथे पिलर ड्रिल आणि जिग अजून टिकून आहेत. फक्त बुश झिजलं की बदलावं लागतं. हे टाळणारा मालक पुढे रिजेक्शनच्या रूपानं तेच पैसे मोजतो.

एका धंद्यात मात्र जिगनं भोकाची जागा ठरवलीच नाही: पिना पाडायच्या बोलिंगचा चेंडू. साडेआठ इंचांचा हा गोळा प्रत्येक खेळाडूच्या हाताबरहुकूम ड्रिल होतो. दुकानात जिग असतो, पण तो चेंडू नुसता पकडून हवा तसा कलवतो. बोटाचं भोक चेंडूच्या मध्यबिंदूपासून किती ढळवायचं, ते इंचाच्या अंशांत दर खेळाडूगणिक वेगळं लागतं. त्याहून अवघड असतो लेआउट. चेंडूच्या आत वजनाचा गाभा असतो आणि त्याचा माथा वर एका ठिपक्यानं दाखवलेला असतो. खेळाडूनं सोडलेला चेंडू ज्या आसाभोवती फिरतो, त्याचं टोकही शोधावं लागतं. ही दोन टोकं सुमारे सव्वातीन-साडेतीन इंच दूर ठेवली तर गाभा जास्तीत जास्त डळमळतो आणि फिरता फिरता चेंडूची नवनवी बाजू पाटावर टेकते. एकमेकांवर आणली किंवा पावणेसात इंच, म्हणजे पाव घेर, लांब नेली तर हे जवळपास थांबतं.

पूर्वी लेआउट थोडा चुकला तर बाजूला एक जादा भोक पाडून तो सावरता येई. अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसनं ऑगस्ट 2020 पासून आपल्या स्पर्धांत ती सोय काढून घेतली: नुसता तोल सावरण्यासाठीचं भोक चेंडूला चालत नाही. आता ड्रिल लावण्याआधीच सगळं ठरवावं लागतं.