जहाजावरील सोबत्यांचे मेळावे : एक दुर्लक्षित इतिहाससाधन

(१)

इतिहासाचीं साधनें गोळा करणारांची दृष्टि सामान्यतः सनदा, महजर, करीने, हकीकती आणि पत्रव्यवहार यांवर असते. ज्या कागदावर शिक्का नाहीं, ज्यास शंभर वर्षें झालेलीं नाहींत, आणि ज्यांत उतरण्याच्या खोल्यांचे दर व भोजनाची वेळ दिलेली आहे, असा कागद एखाद्या दप्तरांत हातीं लागला तर तो बहुधा रद्दींत जातो. प्रस्तुत लेखांत अशाच एका जातीच्या कागदाची बाजू मांडावयाची आहे. एखाद्या लढाऊ जहाजावर एके काळीं चाकरी केलेल्या खलाशांची संघटना आपल्या सभासदांस जें वार्तापत्र धाडते, तें साधन म्हणून कितपत ग्राह्य आहे, हा आमचा विषय. उदाहरण अमेरिकेंतील घेतलें आहे. कारण असल्या कागदांच्या आधारानें काय साधतें व काय साधत नाहीं, हीं दोन्ही अंगें त्या एकाच उदाहरणांत स्पष्ट दिसतात.

अमेरिकेंत जहाजवार संघटना पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वार्तापत्रांतील मजकूर बहुतेक ठराविक असतो. पुढील मेळावा कोणत्या गांवीं व कोणत्या तारखांस भरावयाचा, खोल्या कोणत्या मुदतीपूर्वीं राखून ठेवाव्या, वर्गणी कोणाकडे पाठवावी, खजिनदाराचा हिशेब, कोणाचा पत्ता बदलला, कोणाची प्रकृति बरी नाहीं, आणि शेवटीं, गेल्या मेळाव्यानंतर दिवंगत झालेल्यांचीं नांवें. मेळाव्यांत स्मरणविधि होतो, त्या वेळीं मृतांचीं नांवें एकेक करून वाचतात व घंटेचे ठोके देतात. यांत इतिहास तो कोठें आहे, असें वाचकास सहज वाटेल. आमचें उत्तर असें कीं, पत्त्यांची यादी आणि मृतांची यादी या दोहोंतच तो आहे. अमुक प्रसंगाचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार अमुक सालीं हयात होता, अमुक ठिकाणीं राहत होता, व त्यास विचारणें शक्य होतें, ही माहिती देणारा दुसरा कागद सहसा नसतो.

(२)

'इंडियानापोलिस' हें अमेरिकेच्या नौदलांतील जड क्रूझर जातीचें जहाज. इंडियाना राज्याच्या राजधानीचें नांव त्यास दिलेलें होतें. ता. १५ नोव्हेंबर १९३२ रोजीं तें नौदलांत दाखल झालें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याची हुकमत कप्तान चार्ल्स बटलर मॅक्व्हे (तिसरे) यांजकडे होती. ता. १६ जुलै १९४५ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोहून निघून ता. २६ रोजीं या जहाजानें टिनियन बेटावर अणुबाँबचे भाग पोंचविले; तोच बाँब पुढें ता. ६ ऑगस्ट रोजीं हिरोशिमावर पडला. टिनियनहून ग्वाम बेटास जाऊन ता. २८ जुलै रोजीं जहाज फिलिपाइन्समधील लेतेकडे एकटेंच निघालें. सोबत विनाशिका मागितली होती, ती मिळाली नाहीं. वाटेवर शत्रूच्या पाणबुड्यांचा वावर असल्याची गुप्त बातमी वरिष्ठांपाशीं होती. ती कप्तानास कळविण्यांत आली नाहीं.

ता. ३० च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळांत आय-५८ या जपानी पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागून जहाज सुमारें बारा मिनिटांत बुडालें. अदमासें ३०० माणसें जहाजाबरोबरच गेलीं. उरलेलीं, म्हणजे जवळजवळ ९००, समुद्रांत पडलीं. नेमल्या दिवशीं जहाज लेतेस पोंचलें नाहीं, याची बंदरांत कोणीं दखल घेतली नाहीं. ता. २ ऑगस्ट रोजीं गस्तीवरील एका वैमानिकास तेलाचा तवंग व त्यांत तरंगणारीं माणसें योगायोगानें दिसलीं. ऊन, तहान, जखमा व शार्क मासे यांतून त्या वेळपर्यंत जे तगले, त्यांपैकीं ३१६ जण अखेर वांचले.

ता. ३ डिसेंबर १९४५ रोजीं वॉशिंग्टन येथें कप्तानावर लष्करी न्यायालयांत खटला सुरू झाला. आरोप दोन होते. जहाज सोडण्याचा हुकूम वेळेवर दिला नाहीं, हा एक. आणि नागमोडी मार्गानें जहाज न चालवून तें धोक्यांत घातलें, हा दुसरा. पहिल्या आरोपांतून ते सुटले. दुसऱ्यांत दोषी ठरले. या खटल्यांत ज्या पाणबुडीनें जहाज बुडविलें तिचाच कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो यास साक्षीस आणिलें होतें. नागमोडी चालीनें कांहीं फरक पडला नसता, अशी साक्ष त्यानें दिली. तरी निकाल फिरला नाहीं. १९४६ सालीं नौदलमंत्री फॉरेस्टल यांनीं शिक्षा माफ केली, परंतु दोषाचा शेरा सेवापत्रकांत कायम राहिला. मृतांच्या आप्तांकडून दूषणाचीं पत्रें कप्तानास वर्षानुवर्षें येत राहिलीं.

केवळ सरकारी दप्तरावरून हा इतिहास लिहावयाचा, तर तो येथेंच संपतो. कागद अस्सल, तारीख बिनचूक, न्यायालय अधिकृत, आणि निकाल स्पष्ट. अस्सल कागदास शिरोधार्य मानण्याची शिस्त आपल्याकडील संशोधकांनीं मोठ्या कष्टानें घालून दिली. ती सोडावी असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु कागद अस्सल असणें व त्यांतील निर्णय यथार्थ असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें या प्रकरणावरून विसरतां येत नाहीं.

(३)

जहाज बुडाल्यास पंधरा वर्षें झालीं तेव्हां, १९६० सालीं, वांचलेल्यांचा पहिला मेळावा इंडियानापोलिस शहरांत भरला. तो घडवून आणण्यांत जाइल्स मॅकॉय या जहाजावरील मरीन शिपायानें पुढाकार घेतला होता. देशभर पांगलेल्या, व्यवसाय आणि गांवें बदललेल्या माणसांचे पत्ते पंधरा वर्षांनंतर जमविणें हें काम किती चिकाटीचें आहे, हें घराण्यांचे वंशज शोधीत हिंडणाऱ्या आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. मेळाव्यास स्वतः मॅक्व्हे हजर राहिले. सोबत्यांचे प्राण ज्याच्या चुकीनें गेले असें न्यायालय म्हणत होतें, त्याचें स्वागत त्या सोबत्यांनींच आदरपूर्वक केलें. पुढें ता. ६ नोव्हेंबर १९६८ रोजीं मॅक्व्हे यांनीं स्वतःच्या हातानें आपली जीवनयात्रा संपविली. मेळावे मात्र चालूच राहिले, आणि कप्तानाच्या नांवावरील डाग काढावयाचा, हें संघटनेचें एक कार्यच होऊन बसलें.

येथें एक आक्षेप येणार. आपल्या नायकाविषयीं ममता असलेल्या माणसांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी? नैयायिकांनीं शब्दास प्रमाण मानलें, तें आप्ताच्या शब्दास. आणि आप्त म्हणजे नातलग नव्हे, तर वस्तुस्थिति यथार्थ जाणून तशीच सांगणारा, असा त्यांचा अभिप्राय आहे. या कसोटीवर संघटनेची साक्ष घासून पाहिली पाहिजे. कप्तान चांगले गृहस्थ होते, एवढेंच हे लोक म्हणत असते, तर त्यास साक्षीचें मोल नसतें. परंतु त्या रात्रीं आकाश ढगाळ होतें काय, दिसत किती होतें, जहाज सोडण्याचा हुकूम कोणास कसा पोंचला, पाण्यांत किती दिवस वाट पाहिली, या गोष्टी ज्यानें त्यानें स्वतः अनुभवलेल्या होत्या, आणि एकाचें सांगणें दुसऱ्याशीं ताडून पाहतां येत होतें. हें ताडून पाहण्याचें स्थळ म्हणजेच मेळावा.

(४)

या यादीचा खरा उपयोग पुढें एका शाळकरी मुलानें केला. फ्लॉरिडांतील पेन्साकोला येथील हंटर स्कॉट या विद्यार्थ्यानें १९९६ च्या सुमारास शाळेच्या इतिहास-स्पर्धेसाठीं हा विषय घेतला. त्या वेळीं तो अवघा अकरा-बारा वर्षांचा होता. वांचलेल्यांपैकीं जवळजवळ १५० जणांकडून त्यानें माहिती मिळविली व सुमारें ८०० कागद तपासले. अध्यापनांत आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकास या गोष्टीचें विशेष वाटतें. मुलाच्या हुशारीविषयीं शंका नाहीं. परंतु पन्नास वर्षांपूर्वींच्या प्रसंगाचे दीडशें साक्षीदार एकट्या मुलास सांपडले, ते कोणीतरी आधीं चाळीस वर्षें एकमेकांचे पत्ते सांभाळले होते म्हणून सांपडले.

सप्टेंबर १९९९ मध्यें सिनेटच्या समितीपुढें या प्रकरणाची चौकशी झाली. त्याच वर्षीं हाशिमोतो यानेंही सिनेटर वॉर्नर यांस पत्र लिहून मॅक्व्हे यांच्यावरील दोषारोप दूर करण्याची विनंति केली. मधल्या काळांत युद्धकालीन गुप्त कागदही खुले झाले होते. म्हणजे सोबत्यांची साक्ष, शत्रूची साक्ष व गुप्त दप्तर अशीं तीन स्वतंत्र साधनें एकाच दिशेनें बोलूं लागलीं. मॅक्व्हे यांस दोषमुक्त मानावें, अशा आशयाच्या ठरावावर ता. ३० ऑक्टोबर २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली, आणि जुलै २००१ मध्यें नौदलमंत्र्यांच्या हुकुमानें ती नोंद सेवापत्रकांत दाखल झाली. हाशिमोतो त्या सहीच्या पांचच दिवस आधीं वारला.

(५)

आतां दुसरी बाजू. वांचलेले किती, याविषयीं फार दिवस दोन पाठ प्रचलित होते. कोठें ३१६, कोठें ३१७. संघटनेनें २००२ मध्यें आपल्या सभासदांच्या आठवणींचा ग्रंथ छापला, त्याच्या नांवांतच ३१७ हा आंकडा आहे. जहाजावरील एकंदर माणसें १,१९६ व मृत ८८० असे आंकडेही सर्वत्र दिले जात. ज्यांनीं एकमेकांस पाण्यांत धरून ठेवलें, त्यांस आपली संख्या ठाऊक नसावी, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. परंतु वांचलेले वेगवेगळ्या जहाजांनीं उचलले, वेगवेगळ्या इस्पितळांत ठेविले; सर्वांची एकत्र शिरगणती कोणा एकाच्या डोळ्यांसमोर झालीच नव्हती.

हा पाठभेद अखेर दप्तरानेंच सोडविला. २०१८ सालीं नौदलाच्या इतिहास खात्यानें सर्व याद्या ताडून जहाजावरील माणसें १,१९५, मृत ८७९ व वांचलेले ३१६ असा निर्णय दिला. जहाज निघण्यापूर्वींच दुसरीकडे रवाना झालेल्या एका रेडिओ-तंत्रज्ञाचें नांव यादींत राहून गेलें होतें, आणि त्या एका नांवानें सत्तर वर्षें हिशेब बिघडविला होता. आपल्याकडे पत्रांतील एका अंकानें बखरींतील फौजेचा आंकडा दुरुस्त होतो, त्यांतलाच हा प्रकार.

जहाज बुडाल्याच्या स्थळाचा शोधही असाच लागला. त्या जहाजाच्या मार्गावर, बुडण्यापूर्वीं कांहीं तास, दुसरें एक अमेरिकन जहाज (एल. एस. टी. ७७९) त्यास भेटलें होतें. त्या दुसऱ्या जहाजावरील एका खलाशाची आठवण त्याच्या घरच्यांनीं जपली होती. तिजवरून नौदलाच्या इतिहासकारानें जुन्या नोंदी काढून ती पडताळली, आणि शोधाचें क्षेत्र त्यावरून बदललें. ऑगस्ट २०१७ मध्यें पॉल ॲलन यांच्या शोधपथकास सुमारें ५,५०० मीटर खोलीवर जहाजाचे अवशेष सांपडले. आठवणीनें दिशा दाखविली व कागदानें ठिकाण नेमलें.

यावरून आमचा निष्कर्ष असा. न्यायनिवाड्याच्या बाबतींत स्मृतीनें कागदाची चूक दाखविली. संख्येच्या बाबतींत कागदानें स्मृतीची चूक दाखविली. यांपैकीं एकच साधन हातीं असतें, तर दोहोंपैकीं एक असत्य आज इतिहास म्हणून चाललें असतें.

(६)

मेळाव्यांची पुढील हकीकत थोडक्यांत देतों. पहिल्या काळांत ते अधूनमधून, पुढें एक वर्षाआड, व त्यानंतर दर वर्षीं भरूं लागले. ता. २ ऑगस्ट १९९५ रोजीं त्याच शहरांत कालव्याच्या कांठीं जहाजाच्या राष्ट्रीय स्मारकाचें उद्घाटन झालें. त्यावर सर्व खलाशांचीं नांवें कोरलेलीं आहेत. २०१५ च्या मेळाव्यास तेव्हां हयात असलेल्या ३२ पैकीं १४ जण आले; २०१७ मध्यें २० पैकीं ७. नव्वदी गांठलेले हे लोक पुढील वर्षीं जमावयाचें कीं नाहीं यावर दर मेळाव्यांत मत देत. वांचलेल्यांची संख्या घटत असतां उपस्थितांची संख्या मात्र वाढत गेली. कारण मृतांचे वंशज, वांचविणाऱ्यांचीं कुटुंबें व अभ्यासक येऊं लागले, आणि संघटनेचा वारसाही पुढें याच मंडळींकडे आला. पत्रकाचा मथळा तोच राहिला, तरी येणारे पाहिलेले नव्हेत, ऐकलेले होते. आपल्याकडील संशोधकास हें स्थित्यंतर परिचित आहे. प्रत्यक्षदर्शीच्या हकीकतीपासून बखरीकडे जाण्याचा क्षण तो हाच. फरक इतकाच कीं, येथें तो क्षण वर्षवार याद्यांवरून नेमका दाखवितां येतो.

संग्राहकांस शेवटीं एवढीच विनंति. दुसऱ्या महायुद्धांत रॉयल इंडियन नेव्हींत कोंकणांतील पुष्कळ माणसें होतीं. त्यांच्या घरीं एखादी जमण्याची सूचना, वर्गणीची पावती, पत्त्यांची वही अथवा सोबत्यांचें एकत्र छायाचित्र असेल, तर तें सनदेइतक्याच काळजीनें उतरून घ्यावें. छायाचित्रांतील नांवें पाठीमागें लिहून ठेवावीं. आणि कागदावर तारीख नसेल तर ती सांगणारें माणूस घरांत आहे तोंपर्यंत विचारून घ्यावी. कागद पुढेंही मिळेल. तें माणूस मिळणार नाहीं.