ओदेऑनच्या रस्त्यावरची वाचनं : लेखकांनी एक पुस्तकाचं दुकान कसं तारलं

मागच्या दोन व्याख्यानांत आपण छापखाने आणि ग्रंथालयं पाहिली. आज पुस्तकाच्या दुकानाकडे वळू. दुकानाचा सगळा इतिहास तासाभरात मावायचा नाही, म्हणून आज एकच धागा धरणार आहे. लेखकाने दुकानात येऊन, समोर बसलेल्या माणसांना आपलं लिखाण वाचून दाखवायचं, ही रीत. वाचनाने दुकानाला काय मिळतं? वाचकाला काय मिळतं? आणि दुकान बुडायला आलं की या वाचनांचा काही उपयोग होतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला पॅरिसला जायचं आहे. पण वाटेत थोडं लंडनला थांबू.

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात जानेवारी १९१३ मध्ये हॅरल्ड मन्रो नावाच्या कवीने एक दुकान उघडलं. नाव अगदी सरळ : 'पोएट्री बुकशॉप'. विकायची ती मुख्यतः कविता. वरच्या खोलीत ठरलेल्या दिवशी संध्याकाळी कवितावाचन व्हायचं, काही पेन्यांचं तिकीट असायचं. येट्स तिथे वाचून गेला. पुढे महायुद्धात मारला गेलेला विल्फ्रेड ओवेन तिथे काही दिवस राहिला होता. मन्रोचं म्हणणं असं की कविता ही कानाने घ्यायची गोष्ट आहे. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, ओवी-अभंग आपण कानानेच शिकलो. पण इंग्लंडमध्ये तोवर कविता ही दिवाणखान्यात एकट्याने वाचायची वस्तू झाली होती. दुकान चाललं ते मुख्यतः मन्रोच्या घरच्या पैशावर. १९३२ मध्ये तो वारला आणि १९३५ मध्ये दुकान बंद झालं. वीसेक वर्षं वाचनं झाली, माणसं आली, ऐकून गेली. पण दुकानाचा भार उचलायला मन्रोमागे कोणी उभं राहिलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता पॅरिस. सेन नदीच्या डाव्या तीरावर ओदेऑन नावाचा एक छोटा, चढणीचा रस्ता आहे. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, आद्रिएन मोनिए या तेवीस वर्षांच्या मुलीने तिथे सात नंबरला दुकान उघडलं. भांडवल कुठलं? तिचे वडील रेल्वेत टपाल वर्गीकरणाचं काम करायचे. त्यांना गाडीच्या अपघातात इजा झाली. भरपाई म्हणून दहा हजार फ्रँक मिळाले आणि ते त्यांनी लेकीच्या हातावर ठेवले. अपघाताच्या भरपाईतून युरोपातलं एक नामांकित पुस्तकाचं दुकान उभं राहिलं, असं म्हणायला हरकत नाही. नाव ठेवलं 'पुस्तकांच्या मित्रांचं घर'. या 'मित्र' शब्दावर लक्ष असू द्या.

दुकानात पुस्तकं विकली जायची आणि वर्गणी भरून घरी वाचायलाही मिळायची. आपल्याकडच्या गल्लीतल्या वाचनालयासारखंच, फक्त विक्रीचं टेबल शेजारी. शिवाय तिथे वाचनं व्हायची, आणि कधी संगीतही. १९१९ च्या मार्चमध्ये एरिक साती या संगीतकाराने आपली 'सॉक्रात' ही रचना तिथे सादर केली. खुर्च्या ओढून, पुस्तकांच्या फळ्यांना पाठ टेकून लोक ऐकत होते.

याच दुकानात एक अमेरिकन बाई यायला लागली, सिल्व्हिया बीच. आईने पाठवलेल्या तीन हजार डॉलरांवर तिने १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये जवळच्याच गल्लीत इंग्रजी पुस्तकांचं दुकान काढलं, 'शेक्सपिअर अँड कंपनी'. १९२१ मध्ये ते ओदेऑन रस्त्यावर बारा नंबरला आलं, मोनिएबाईंच्या जवळपास समोर. रस्त्याच्या एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. लेखक मंडळी दिवसभर रस्ता ओलांडत असायची.

आता एक तारीख सांगतो : ७ डिसेंबर १९२१. जेम्स जॉइसची 'युलिसीस' ही कादंबरी अजून पुस्तकरूपात आलेली नव्हती. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तिचे भाग छापणाऱ्या मासिकाला अश्लीलतेपायी शिक्षा झाली होती. कोणी प्रकाशक हात लावेना. तेव्हा बीचबाई म्हणाल्या, मी छापते. प्रकाशनाचा अनुभव शून्य. एक हजार प्रती काढायच्या ठरल्या, किंमत दीडशे ते साडेतीनशे फ्रँक, आणि मागणी आगाऊ नोंदवून घ्यायची. म्हणजे न पाहिलेल्या, दुसऱ्या देशात खटला झालेल्या पुस्तकासाठी लोकांनी नाव नोंदवायचं. कशाच्या भरवशावर?

त्या भरवशासाठी मोनिएबाईंच्या दुकानात एक संध्याकाळ ठेवली गेली. फ्रेंच लेखक व्हालेरी लार्बो 'युलिसीस'वर बोलणार आणि काही भाग वाचले जाणार. येणारे पैसे जॉइसला. काही पानं धीट आहेत, असा इशारा आधीच देऊन ठेवला होता. सुमारे अडीचशे माणसं त्या जागेत दाटीवाटीने बसली. लार्बोला व्यासपीठाची धास्ती. सुरू करण्याआधी त्याला ब्रँडीचा घोट घ्यावा लागला. जॉइस स्वतः मागच्या बाजूला पडद्याआड बसून होता. कार्यक्रम संपल्यावर लार्बोने त्याला शोधून बाहेर ओढून आणलं, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि जॉइस लाजला. दोन महिन्यांनी, २ फेब्रुवारी १९२२ ला, पुस्तक आलं.

आता नीट बघा, त्या संध्याकाळी काय घडलं? 'युलिसीस'चा प्रचार झाला, एवढंच म्हणून भागणार नाही. एका अवघड पुस्तकाला ऐकणारी माणसं तयार झाली. कसं वाचायचं, त्याची रचना काय, होमरशी नातं काय, हे पुस्तक हातात पडण्याआधीच त्यांच्या कानावर गेलं. जाहिरात पुस्तकाचं नाव लक्षात ठेवायला लावते. वाचन पुस्तकाची वाट दाखवतं. हा फरक मोठा आहे.

इथे जरा आपल्याकडे पाहू. जवळपास त्याच काळात, १९२३ मध्ये, पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी रविवारी चहाला जमून एकमेकांना कविता ऐकवायची, आणि पुढे जाहीर कार्यक्रमांतून म्हणायची. त्यानंतरच्या पिढीत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव हिंडून काव्यवाचनं केली. म्हणजे वाचनाची आवड आपल्याकडे कमी नव्हती. पण ही वाचनं सभागृहात, शाळेच्या पटांगणात, व्याख्यानमालेच्या मांडवात झाली. पुस्तकाच्या दुकानाशी त्यांची गाठ फारशी बांधली गेली नाही. आणि दुकानात किंवा सभागृहात जो 'प्रकाशन समारंभ' होतो, त्यात काय असतं? हार, शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय भाषण. पुस्तकाविषयी चार जण बोलतात. पुस्तकातलं एक पान मात्र बहुतेक वेळा कोणी वाचत नाही.

परत पॅरिसला जाऊ, कारण खरी कसोटी पुढे आहे. १९२९ च्या मंदीनंतर अमेरिकन लोक पॅरिस सोडून घरी गेले. डॉलरची किंमत उतरली. १९३० पर्यंत बीचबाईंनी 'युलिसीस'ची अकरा मुद्रणं काढली होती. १९३४ मध्ये ते पुस्तक अमेरिकेत रीतसर प्रसिद्ध झालं, पण त्यातून बीचबाईंच्या पदरात काही पडलं नाही. दुकानाचा मुख्य आधार गेला. १९३५ मध्ये तर जॉइसची हस्तलिखितं विकायला काढायची पाळी आली.

दुकान बंद करावं लागणार हे आंद्रे जीदच्या कानावर गेलं. तो पहिल्यापासूनचा वर्गणीदार. फ्रेंच लेखकांनी आधी सरकारकडे मदत मागून पाहिली. परदेशी बाईच्या दुकानाला सरकारी पैसा मिळेना. मग जीद, पॉल व्हालेरी, जूल रोमँ, आंद्रे मोर्वा वगैरे मंडळींनी एक समिती केली. योजना अशी : दुकानाचे 'मित्र' नोंदवायचे. प्रत्येकाने दोन वर्षं, वर्षाला दोनशे फ्रँक द्यायचे. त्या बदल्यात लेखक दुकानात येऊन वाचतील आणि ते फक्त मित्रांनाच ऐकायला मिळेल. मित्रांची संख्या दोनशेच्या आसपास. कारण? दुकानात त्याहून जास्त माणसं मावत नव्हती!

हिशोब करून बघा. दोनशे माणसं गुणिले दोनशे फ्रँक, वर्षाला चाळीस हजार. ही रक्कम आधीच ठाऊक होती, यातच योजनेची खुबी होती. तिकिटाचं उत्पन्न त्या संध्याकाळी पाऊस पडला की बुडतं. वर्गणीचं बुडत नाही. दुकानाचं भाडं मात्र पाऊस असो की ऊन, दर महिन्याला द्यावंच लागतं.

१९३६ च्या फेब्रुवारीत जीदने पहिलं वाचन केलं, 'जनव्हिएव्ह' ही त्याची तेव्हाची नवी कथा. त्याच महिन्यात व्हालेरी आला. पुढे श्लुम्बर्जे, पोलाँ. जूनमध्ये टी. एस. एलियट खास लंडनहून आला आणि त्याने कविता वाचल्या. १९३७ च्या मे महिन्यात हेमिंग्वे आला. त्याला लोकांसमोर वाचण्याचं वावडं. स्टीव्हन स्पेंडर सोबत वाचणार असेल तरच येतो, अशी त्याची अट. दोघांनी मिळून ती संध्याकाळ पार पाडली. वर्तमानपत्रांत या वाचनांच्या बातम्या आल्या आणि दुकानात पुन्हा गिऱ्हाईक दिसू लागलं.

आता कोणी म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की हा तर श्रीमंतांचा क्लब झाला. दोनशे माणसांसाठी एलियट! रस्त्यावरच्या विद्यार्थ्याचं काय? आक्षेप खरा आहे. शिवाय वर्गणी एकटी पुरली असंही नाही. ब्रायहर या लेखिकेसारख्या धनवान मैत्रिणींनी वेगळी मदत केली. पण दुसरी बाजूही बघायला हवी. दोनशे जणांच्या वर्गणीमुळे दुकानाचं दार उघडं राहिलं, आणि दाराच्या आतलं वाचनालय त्या दोनशे जणांपुरतं नव्हतं. विद्यार्थी पुस्तकं नेतच होते. वाचनं मोजक्यांसाठी, पण दुकान सर्वांसाठी.

आणि लेखक का आले? मानधनासाठी नव्हे. यातल्या अनेकांनी याच फळ्यांवरून पुस्तकं नेली होती. हेमिंग्वे १९२१ च्या अखेरीस पहिल्यांदा आला तेव्हा वर्गणीपुरतेही पैसे त्याच्या खिशात नव्हते. बीचबाईंनी पुस्तकं दिली, म्हणाल्या, जमेल तेव्हा द्या. पंधरा वर्षांनी नावडतं काम करायला तो उभा राहिला, त्याचं मूळ त्या उधारीत आहे असं मला वाटतं. आता लंडनच्या मन्रोकडे परत या. त्याच्याकडेही कवी होते, श्रोते होते, वाचनं तर कितीतरी जास्त होती. नव्हती ती श्रोत्याला दुकानाचा भागीदार करणारी व्यवस्था. पोएट्री बुकशॉपचा श्रोता काही पेन्या देऊन घरी गेला आणि त्याचं देणं फिटलं. ओदेऑनच्या श्रोत्याने वर्षभराचं नातं पत्करलं.

शेवटही सांगायला हवा. जर्मन फौजा आल्यावरही दुकान सुरू होतं. डिसेंबर १९४१ मध्ये एका जर्मन अधिकाऱ्याने जॉइसचं 'फिनेगन्स वेक' मागितलं. बीचबाईंनी शेवटची प्रत द्यायला नकार दिला. दुकानावर जप्ती येणार हे दिसताच सगळी पुस्तकं मित्रांच्या मदतीने वरच्या मजल्यावर हलवली आणि पाटीवरचं नाव रंगवून पुसून टाकलं. पुढे त्यांना सहा महिने नजरकैदेच्या छावणीत काढावे लागले. ते दुकान पुन्हा उघडलं नाही. आज त्या नावाचं जे दुकान पर्यटक पाहतात ते नदीकाठचं, जॉर्ज व्हिटमनने १९५१ मध्ये वेगळ्या नावाने काढलेलं आणि नंतर बीचबाईंच्या स्मरणार्थ नाव बदललेलं. सैन्यापुढे वाचनं काही करू शकली नाहीत. पण मंदीपुढे ती टिकली.

आपल्याकडे मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झालं. सत्तर वर्षं. बातमी आल्यावर किती हळहळ व्यक्त झाली, ते तुम्हीही वाचलं असेल. ती हळहळ खोटी नव्हती. पण ती शेवटच्या आठवड्यात आली. १९३५ च्या पॅरिसकडून शिकायचं ते एवढंच : जीदने हळहळ दुकान बंद होण्याच्या आधी व्यक्त केली, आणि तिला वार्षिक वर्गणीचं रूप दिलं.

तुमच्या गावात अजून एखादं दुकान असेल, तिथे शनिवारी एखादी लेखिका येऊन वाचणार असेल, तर जरूर जा. ऐका, प्रश्न विचारा. आणि निघताना दुकानदाराला एक विचारा : वर्षाला दोनशे माणसं किती दिली तर तुमचं भाडं निघेल? आकडा तुम्हाला वाटतो त्याहून बहुधा लहान असेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.