सहा ठिपक्यांपासून युनिकोडपर्यंत

मराठी माणसाचे वाचनवेड सर्वश्रुत आहे. पण ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्या आपल्या बांधवांपर्यंत मराठी अक्षर कसे पोहोचले, हा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

1900 साली अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा झाली. लुई ब्रेल यांची सहा ठिपक्यांची लिपी फ्रान्समध्ये 1829 सालीच प्रसिद्ध झाली होती. भारतात मात्र ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत. एका पद्धतीत शिकलेल्याला दुसऱ्या पद्धतीतले पुस्तक परकेच! 1951 साली 'भारती ब्रेल' आले आणि भारतीय भाषांना एक समान पद्धत मिळाली.

संगणक आला आणि तोच घोळ पुन्हा झाला. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या पोटात भलतेच इंग्रजी चिन्ह साठवलेले असे. प्रत्येक फॉन्टची तऱ्हा वेगळी. डोळसांचे काही अडत नसे. पण पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर अक्षराचे रूप पाहत नाही, त्याचा संकेत वाचते. त्यामुळे मराठी लेखातून निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येत. 1991 च्या युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. तो वापरात रुळला, तसा हा घोळ मिटू लागला. 1999 साली संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे आली. 2006 साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' हे मोफत वाचक-सॉफ्टवेअर सुरू केले.

आपल्या या कर्मभूमीनेही 2006 साली अपंगांच्या हक्कांचा कायदा केला आणि 2017 साली त्यांना 'निश्चयी जन' अशा अर्थाचे सन्माननीय नाव दिले. दृष्टिहीनांसाठी पुस्तके सुलभ करणारा माराकेश करार 2014 साली भारत आणि अमिरात या दोन्ही देशांनी स्वीकारला.

मंडळी, कायदे सरकारे करतील. पण मुहैस्नाहच्या घराघरांत फोनवर येणारे गणेशोत्सवाचे निमंत्रण आपणच लिहितो. ते नुसते चित्र असेल, तर नजर अधू झालेल्या आजोबांचा फोन ते नीट वाचून दाखवीलच असे नाही. म्हणून चित्राखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. स्मरणिकेची संगणकप्रतही तशीच ठेवावी. दोन मिनिटांचे काम, पण त्यामुळे आपल्या पंगतीत कुणाचे पान रिकामे राहणार नाही.