शाळेवाचून शिकलेली मराठी : गंगामुळाच्या एका घराचा इतिहास

बीदर तालुक्यातील कमठाणा घ्या, नाहीतर भालकी-औरादकडील एखादे गाव. मराठी पालकांची अडचण सारखीच असते. मूल कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जाते, घरी मराठी बोलते, परंतु मराठी वाचता येत नाही. शिकवणी लावण्याची ऐपत नाही. मग करावे काय? आम्ही व्यवसायाने वकील. तरीही या प्रश्नापुरता कायद्याच्या ग्रंथांहून एका घराचा इतिहास आम्हांस अधिक उपयोगी वाटतो. ते घरही कन्नड मुलखातलेच होते.

मंगळूरकडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. स्त्रीला देवभाषा शिकविणे हा तेव्हा गुन्हाच मानला जाई. लोकनिंदेला कंटाळून शास्त्रीबुवांनी तुंगा-भद्रेच्या उगमाजवळ, गंगामुळाच्या अरण्यात, बिऱ्हाड थाटले. हे स्थळ आजच्या चिक्कमगळूरू जिल्ह्यात येते. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. विद्यार्थी पोसण्यात आणि यात्रेकरूंच्या आदरातिथ्यात शास्त्रीबुवा कर्जबाजारी झाले. मुलगी सहा महिन्यांची असताना कुटुंबाने डोंगर सोडला. एका माणसाच्या डोक्यावरील वेताच्या पेटाऱ्यातून ती खाली आली. पुढे वर्षानुवर्षे तीर्थाटन आणि देवळांतून पुराण सांगून मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह.

या मुलीने बालपणी शाळेचा उंबरठा पाहिला नाही. वडील वृद्ध झाले होते, म्हणून शिकविण्याचे काम आईकडे आले. दिवसभर घरकाम, त्यामुळे पाठाची वेळ पहाटेची. झोपलेल्या लेकीला मांडीवर घेऊन, गोंजारून जागे करावयाचे आणि उजाडेपर्यंत श्लोक म्हणवून घ्यावयाचे. पंधराव्या वर्षापर्यंत आई हीच रमाबाईंची शिक्षिका होती. अठरा हजार श्लोकांचे भागवत या मार्गाने कंठस्थ झाले.

परंतु आमचे खरे लक्ष संस्कृतकडे नाही. प्रत्येकाच्या घरी शास्त्री नसतो, आणि कमठाण्याच्या शेतमजूर आईने भागवत मुखोद्गत करवावे असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात मराठीविषयी जे नमूद केले आहे, ते आपल्या कामाचे. मराठी त्यांना कोणी रीतसर शिकविलीच नाही. आईवडील घरात मराठी बोलत, आणि रमाबाई स्वतः मराठी वर्तमानपत्रे व पुस्तके वाचीत. एवढ्यानेच त्यांना या भाषेचे शुद्ध ज्ञान झाले. कन्नड, हिंदुस्थानी आणि बंगाली त्यांनी प्रवासात आत्मसात केल्या. म्हणजे परमुलखात भटकणाऱ्या, उद्याच्या अन्नाची शाश्वती नसलेल्या घरात मराठी टिकली, आणि शेजारच्या भाषांशी तिचे भांडणही झाले नाही.

त्या मराठीचा कस १८८२ साली लागला. हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात रमाबाईंनी साक्ष दिली, ती मराठीत. स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज त्यांनी तेथे मांडली. त्याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक निघाले. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले ते संस्कृतासाठी. लोकांशी बोलण्याची भाषा मात्र घरातून आलेली होती.

या कहाणीचे गोडवे गाताना दारिद्र्य विसरता कामा नये. दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेले. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. गरिबीने विद्या वाढते हा समज पोटभर जेवलेल्यांचा आहे.

आपल्या बीदरकडेही शाळेवाचून मराठी जगविण्याची रीत नवी नाही. निजामी राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. तरी घरोघर श्रावणात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांचे वाचन होई, आणि ऐकता ऐकता मुले अक्षरे ओळखू लागत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. पोथ्या मात्र दोन्हीकडे त्याच राहिल्या.

मुलाला शाळेतून काढून घरी बसवा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कन्नड अवश्य शिकावी. ती या भूमीची भाषा आहे. शाळा सुटल्यावर अर्धा तास, एक पाटी, एक अंकलिपी, आणि शिळ्या वर्तमानपत्राचा एक मथळा मोठ्याने वाचणे, इतका हा खर्च. आईला वाचता येत नसेल तर तिने ओव्या म्हणाव्यात आणि आजोबांनी वा थोरल्या भावंडाने त्या लिहून द्याव्यात. मुलाला पाठ असलेले शब्द कागदावर लवकर सापडतात.

राज्याची जबाबदारी मात्र याने संपत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी द्याव्यात, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. तेथे शब्द ‘प्रयत्न’ असा आहे, आणि प्रयत्न किती झाला हे न्यायालयात सिद्ध करणे किती कठीण, हे आमच्या व्यवसायबंधूंना ठाऊक आहे. परंतु २०१४ साली कर्नाटकाच्याच भाषाधोरणाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाची मातृभाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार पालकांचा मानला. म्हणून प्रवेशअर्जातील मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ असेच लिहावे. १९४९ साली प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविलेले आणि १९५६ च्या केंद्रीय निवेदनात मान्य झालेले प्रमाण असे आहे : संपूर्ण शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील, तर त्या भाषेचा किमान एक शिक्षक नेमावा. ही गणती त्या रकान्यावरूनच व्हावयाची असते.