हायड्रोसील शस्त्रक्रिया

हायड्रोसील शस्त्रक्रिया (अन्य नावे: अंडवृद्धीची शस्त्रक्रिया, हायड्रोसेलेक्टोमी) ही वृषणाभोवतीच्या आवरणात साचलेला द्रव काढून टाकण्यासाठी आणि तो पुन्हा साचू नये यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया आहे. ती मूत्ररोगशास्त्र व सामान्य शल्यचिकित्सा या दोन्ही शाखांत केली जाते. तांत्रिकदृष्ट्या ती लहान शस्त्रक्रियांत गणली जात असली, तरी हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत तिचे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. महाराष्ट्रात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे पूर्व विदर्भातील जिल्हे अशा प्रदेशांत मोडतात. हत्तीरोगाच्या औषधांनी रोगाचा प्रसार थांबवता येतो. मात्र जुनी, मोठी झालेली अंडवृद्धी औषधांनी सहसा नाहीशी होत नाही. तिच्यावर शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय आहे.

शरीररचना व आजाराचे स्वरूप

वृषणाच्या पुढील व बाजूच्या भागांवर ट्युनिका व्हजायनॅलिस नावाचे दुपदरी पातळ आवरण असते. त्याच्या दोन पदरांमध्ये सामान्यतः अत्यल्प द्रव असतो व त्यामुळे वृषणाची हालचाल सुलभ होते. द्रव तयार होण्याचा व शोषला जाण्याचा समतोल बिघडला, तर या पिशवीत द्रव साठत जातो. या अवस्थेला हायड्रोसील किंवा अंडवृद्धी म्हणतात. द्रवाचे प्रमाण काही मिलिलिटरपासून एक लिटरपेक्षा अधिकही असू शकते. सूज बहुधा वेदनारहित असते व हळूहळू वाढते. त्यामुळे रुग्ण अनेक वर्षे उपचाराविना राहतात.

कारणे

अंडवृद्धीचे कारण वयानुसार व प्रदेशानुसार बदलते.

जन्मजात: गर्भावस्थेत वृषण उदरातून खाली उतरताना तयार झालेला मार्ग जन्मानंतर उघडा राहिल्यास उदरातील द्रव वृषणकोशात उतरतो. बहुतेक बालकांत हा मार्ग पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बंद होतो.

प्राथमिक: प्रौढांमध्ये अनेकदा कोणतेही निश्चित कारण सापडत नाही.

दुय्यम: जंतुसंसर्ग, मार, वृषणाची गाठ किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर द्रव साचू शकतो.

हत्तीरोगजन्य: वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा परजीवी कृमी क्युलेक्स डासांमार्फत पसरतो. त्याचे प्रौढ कृमी पुरुषांमध्ये विशेषतः वृषणकोशातील व शुक्ररज्जूतील लसीकावाहिन्यांत राहतात. त्यांचे आयुष्य सुमारे सहा ते आठ वर्षे असते. कृमींमुळे लसीकावाहिन्या रुंदावतात. कृमी मेल्यावर दाह होतो आणि रुंदावलेल्या वाहिन्या फुटून त्यांतील लसीका आवरणाच्या पिशवीत झिरपू शकते. काही रुग्णांत हा द्रव दुधासारखा पांढरा असतो; त्यास कायलोसील म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे २.५ कोटी पुरुषांना हत्तीरोगजन्य अंडवृद्धी आहे, तर पायांची व अन्य अवयवांची सूज असलेल्या रुग्णांची संख्या सुमारे १.५ कोटी आहे. हत्तीरोग म्हटल्यावर सुजलेला पाय डोळ्यांसमोर येत असला, तरी या रोगाचे सर्वाधिक आढळणारे दृश्य रूप अंडवृद्धी हेच आहे.

निदान

सूज केवळ वृषणकोशात आहे की वर जांघेपर्यंत जाते, हे प्रथम हाताने तपासतात. सुजेच्या वरच्या बाजूस बोटे पोहोचत असतील, तर ती बहुधा अंडवृद्धी असते. पोहोचत नसतील, तर हर्नियाची शक्यता असते. अंधारात सुजेवर विजेरीचा प्रकाश टाकल्यास स्वच्छ द्रवातून तो आरपार दिसतो. आवरण जाड झालेले असल्यास किंवा द्रव गढूळ असल्यास ही खूण मिळत नाही. अशा वेळी, तसेच वृषणाची गाठ नाही याची खात्री करण्यासाठी, सोनोग्राफी करतात. लसीकावाहिन्यांत जिवंत कृमी असल्यास सोनोग्राफीत त्यांची सततची वळवळ दिसते. तिला 'फायलेरियल डान्स साइन' म्हणतात.

हत्तीरोगाचे सूक्ष्मकृमी रात्रीच्या वेळी रक्तात मोठ्या संख्येने येतात. म्हणून त्यांच्या शोधासाठी रक्तनमुने रात्री घेतले जातात. जुन्या अंडवृद्धीच्या अनेक रुग्णांच्या रक्तात मात्र सूक्ष्मकृमी सापडत नाहीत. रक्तचाचणी नकारार्थी आली म्हणून अंडवृद्धी हत्तीरोगजन्य नाही, असे ठरवता येत नाही.

शस्त्रक्रियेच्या पद्धती

पूर्वतयारी व भूल

साधी शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन, तर मोठ्या सुजेसाठी पाठीच्या कण्यातून भूल देऊन करतात. मधुमेह, रक्तदाब व रक्त गोठण्याचे विकार तपासले जातात. वृषणकोशाच्या त्वचेवर जखम, संसर्ग किंवा लसीकावाहिन्यांचा तीव्र दाह असल्यास तो बरा होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. सुजेचे खालचे टोक मांडीच्या किंवा गुडघ्याच्या कोणत्या पातळीपर्यंत येते आणि शिश्न सुजेत किती दडले आहे, यांवरून तीव्रतेच्या पायऱ्या ठरवल्या जातात. साधे रुग्ण ग्रामीण रुग्णालयात आणि गुंतागुंतीचे रुग्ण जिल्हा पातळीवर हाताळावेत, अशी विभागणी त्यातून करता येते.

आवरण छेदन

वृषणकोशावर पुढून छेद घेऊन पिशवी बाहेर काढली जाते, द्रव काढला जातो व वृषण आणि अधिवृषण यांच्याजवळची अरुंद कड ठेवून उर्वरित आवरण कापून टाकले जाते. कापलेल्या कडेतून होणारा रक्तस्राव सलग टाके घालून किंवा विद्युतदहनाने थांबवतात. पोकळी मोठी असल्यास एक-दोन दिवसांसाठी निचरा नळी ठेवतात.

आवरण उलटणे

या पद्धतीत पिशवी उघडून तिची आतली बाजू बाहेर येईल अशी उलटतात. आवरणातून स्रवणारा द्रव मग आसपासच्या ऊतींत शोषला जातो. जाबूले पद्धतीत जास्तीचे आवरण कापून उरलेल्या कडा वृषण व शुक्ररज्जूच्या मागे शिवतात. विंकेलमान यांचे नावही याच गटातील पद्धतीशी जोडलेले आहे. अँड्र्यूज यांच्या 'बाटली' पद्धतीत लहान छिद्रातून वृषण बाहेर काढून पिशवी उलटी करतात.

चुण्या घालण्याची पद्धत

ब्रिटिश शल्यचिकित्सक पीटर लॉर्ड यांनी १९६४ मध्ये वर्णन केलेल्या या पद्धतीत आवरण कापून न काढता त्यावर टाके घालून ते वृषणाभोवती चुणीसारखे गोळा करतात. ऊती फारशा सोडवाव्या लागत नसल्याने रक्तस्राव कमी होतो. पातळ आवरणाच्या मध्यम आकाराच्या अंडवृद्धीसाठी ही पद्धत सोयीची आहे. जाड, जुन्या आवरणात तिचा उपयोग होत नाही.

सुईने द्रव काढणे

केवळ सुईने द्रव काढल्यास तात्पुरता आराम मिळतो, परंतु द्रव बहुधा पुन्हा भरतो व संसर्गाचा धोका राहतो. द्रव काढून आवरणाचे पदर चिकटवणारे औषध आत सोडण्याची पद्धतही आहे. शस्त्रक्रिया सोसू न शकणाऱ्या निवडक रुग्णांत ती वापरतात.

बालकांतील शस्त्रक्रिया

जन्मजात प्रकारात दोष वृषणकोशात नसून उघड्या राहिलेल्या मार्गात असतो. त्यामुळे छेद जांघेत घेऊन तो मार्ग बांधला जातो.

पद्धतीची निवड

प्राथमिक अंडवृद्धीत वरीलपैकी बहुतेक पद्धतींनी चांगले परिणाम मिळतात. हत्तीरोगजन्य अंडवृद्धीत परिस्थिती निराळी असते. ब्राझीलमधील रेसिफे येथे जोआकिम नोरोइश व जेरुझा ड्रेयर यांनी केलेल्या अभ्यासांतून असे दिसले, की फुटलेल्या लसीकावाहिन्यांतून होणारी गळती हे अशा अंडवृद्धीचे महत्त्वाचे कारण असते. अशा वेळी आवरण केवळ उलटल्यास गळतीचा स्रोत शरीरातच राहतो. त्यामुळे आवरण पूर्णपणे काढून गळणाऱ्या वाहिन्या बांधल्यास पुनरुद्भवाचे प्रमाण बरेच कमी राहते. जागतिक आरोग्य संघटनेनेही हत्तीरोगाच्या मूत्रजननविषयक शस्त्रक्रियांबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले असून हत्तीरोगजन्य अंडवृद्धीत आवरण छेदनाला प्राधान्य दिले आहे. आवरण छेदनात ऊतींची काटछाट अधिक असल्याने रक्तस्राव काळजीपूर्वक थांबवणे आवश्यक ठरते.

वृषणकोशाची त्वचाच जाड व सुजलेली असल्यास ती वेगळी व्याधी आहे. तिच्यासाठी त्वचा काढून पुनर्रचना करणारी मोठी शस्त्रक्रिया लागते. ती साध्या शिबिरात करण्याजोगी नसते.

गुंतागुंत व परिणाम

रक्त साचून गाठ होणे, जखमेत संसर्ग, काही आठवडे टिकणारी सूज आणि द्रव पुन्हा भरणे या नेहमी आढळणाऱ्या गुंतागुंती आहेत. अधिवृषण, शुक्रवाहिनी किंवा वृषणाचा रक्तपुरवठा यांना इजा होणे विरळ असले, तरी प्रजननक्षमतेच्या दृष्टीने गंभीर असते. जुन्या अंडवृद्धीत अधिवृषण आवरणावर ताणून पसरलेले असल्याने छेद घेण्यापूर्वी ते ओळखणे महत्त्वाचे असते.

शस्त्रक्रियेनंतर वृषणकोशाला लंगोट किंवा आधारपट्टीने आधार देतात, जखम कोरडी ठेवतात आणि काही आठवडे जड काम, सायकल चालवणे व शरीरसंबंध टाळण्यास सांगतात. पहिल्या दिवसांतील सूज ही पुनरुद्भव समजली जाऊ नये, हे रुग्णाला आधीच सांगणे आवश्यक असते. पुनरुद्भव महिन्यांनी किंवा वर्षांनी होऊ शकतो. म्हणून शिबिरात झालेल्या शस्त्रक्रियांचे यश केवळ शस्त्रक्रियांच्या संख्येवरून ठरवता येत नाही. त्यासाठी रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा लागतो. शस्त्रक्रियेने हत्तीरोगाचा संसर्ग बरा होत नसल्याने परजीवीविरोधी औषधे स्वतंत्रपणे घ्यावी लागतात.

इतिहास

सुश्रुतसंहितेत वृद्धी या व्याधीच्या प्रकारांत मूत्रज वृद्धीचा समावेश आहे. तिच्या उपचारात शिवणीच्या बाजूला व्रीहिमुख या शस्त्राने वेध करून नळीवाटे द्रव काढण्याची कृती सांगितली आहे. इंग्लंडमध्ये पर्सिव्हल पॉट यांनी १७६२ मध्ये अंडवृद्धीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८३० च्या दशकात कोलकाता येथे जेम्स रॅनाल्ड मार्टिन यांनी द्रव काढून पिशवीत आयोडीन सोडण्याची पद्धत रूढ केली.

हत्तीरोगाच्या परजीवीचा शोधही अंडवृद्धीशी निगडित आहे. १८६३ मध्ये पॅरिस येथे देमार्के यांना सूक्ष्मकृमी प्रथम अंडवृद्धीच्या द्रवातच आढळले. १८७२ मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईस यांनी ते मानवी रक्तात दाखवले. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाच्या शरीरात त्यांची वाढ होत असल्याचे सिद्ध केले. आवरण उलटण्याच्या व छेदनाच्या पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत प्रचारात आल्या.

गोंदिया जिल्हा व पूर्व विदर्भ

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भाग तलाव व धानशेतीसाठी ओळखला जातो. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास मुख्यतः धानाच्या बांधीत नव्हे, तर गटारे, डबकी व शौचालयांच्या टाक्या यांतील घाण पाण्यात वाढतो. त्यामुळे नाल्या वाहत्या ठेवणे, शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणे व डबक्यांत गप्पी मासे सोडणे हे उपाय सुचवले जातात.

भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. २००४ पासून सामुदायिक औषधोपचार मोहिमेत वर्षातून एकदा डीईसी व पुढे त्यासोबत अल्बेंडाझोल या गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. आयव्हरमेक्टिनसह तीन औषधे देण्याच्या पद्धतीसाठी देशात प्रथम निवडलेल्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूरचा समावेश होता. तेथे ती २०१९ मध्ये सुरू झाली. सेवाग्राम येथील जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात भास्कर हरिनाथ यांच्या नेतृत्वाखाली हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर संशोधन झाले. भारताने हत्तीरोग दूरीकरणासाठी २०२७ हे लक्ष्यवर्ष ठरवले आहे.

दूरीकरण कार्यक्रमाचे दोन भाग आहेत: औषधांनी प्रसार थांबवणे आणि आधीच बाधित झालेल्यांची विकृती व अपंगत्व कमी करणे. अंडवृद्धीची शस्त्रक्रिया दुसऱ्या भागात येते. आशा कार्यकर्ती व आरोग्य कर्मचारी रुग्णांच्या याद्या तयार करतात आणि रुग्णांना ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा पातळीवरील रुग्णालयात पाठवले जाते. गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे.

सामाजिक परिणाम

मोठ्या अंडवृद्धीमुळे चालणे, वाकणे, सायकल चालवणे व शेतात काम करणे अवघड होते. अवयव गुप्त असल्याने रुग्ण कुटुंबातही त्याविषयी बोलत नाहीत. लैंगिक जीवन, विवाह व सार्वजनिक वावर यांवर परिणाम होतो. घरोघरी माहिती घेणाऱ्या कर्मचारी बहुधा स्त्रिया असल्याने पुरुष आजार लपवण्याची शक्यता असते; त्यामुळे यादीतील संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी राहू शकते. शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीत मजुरी बुडते, हाही अडथळा असतो. धानपट्ट्यात रोवणी व कापणीचे दिवस टाळून शस्त्रक्रियेचे नियोजन केल्यास रुग्णाला ती स्वीकारणे सोपे जाते. यशस्वी शस्त्रक्रियेनंतर काम करण्याची क्षमता व जीवनमान सुधारते, असे मलावीसारख्या हत्तीरोगग्रस्त देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

हेही पहा

हत्तीरोग
हर्निया
क्युलेक्स डास
सुश्रुतसंहिता
गोंदिया जिल्हा