धर्मगुरूचे नाव आणि अनुयायाचे मत: मॉर्मन पंथाच्या इतिहासातून



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा कार्यकर्ता बोलायला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा कामगार कायदा यांवर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी अमेरिकेतील मॉर्मन पंथावर बोलणार आहे. कारण या पंथाच्या इतिहासात एक प्रश्न पुन:पुन्हा उभा राहिला आहे, आणि तो कोणत्याही संघटनेला चुकलेला नाही. संस्थेचा ठराव कोणता, पुढाऱ्याचे वैयक्तिक मत कोणते, आणि पुढाऱ्याच्या नावावर तिसऱ्यानेच खपवलेला माल कोणता?

संघटनेच्या कामात हा भेद रोजचा आहे. सर्वसाधारण सभेने संमत केलेला ठराव मिनिटबुकात उतरतो, तो संघटनेचा. अध्यक्ष गेटसभेत जे बोलून जातो, ते त्याचे. आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री अध्यक्षाचा फोटो छापून जे पत्रक वाटले जाते, ते ज्याने छापले त्याचे. ही तीन खाती वेगळी ठेवूनच मॉर्मनांचा इतिहास वाचला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क संस्थानात केली. मनुष्याला ईश्वराने निवडीचे स्वातंत्र्य दिले आहे, बरे-वाईट त्याने स्वत: ठरवावे आणि त्याचे फळही स्वत: भोगावे, हा या पंथाच्या शिकवणीचा पाया आहे. त्यावरूनच राज्यसत्तेविषयीचा त्यांचा विचार निघतो. निवड मनुष्याची असेल, तर सदसद्विवेकबुद्धीवर हुकूम चालवण्याचा अधिकार सरकारला कोठून येणार?

१७ ऑगस्ट १८३५ रोजी ओहायो संस्थानातील कर्टलंड गावी पंथाची सभा भरली. तिने सरकार आणि कायदे यांविषयीचे एक निवेदन संमत केले. गंमत अशी की जोसेफ स्मिथ त्या सभेला हजर नव्हता. हे निवेदन ईश्वरी आदेश म्हणून आलेले नाही; ते सभेने मान्य केलेला विश्वास म्हणून आले, आणि पंथाच्या मान्य ग्रंथात आजही १३४ वे प्रकरण म्हणून छापले जाते. त्याचा आशय असा. सरकारे मनुष्याच्या हितासाठी आहेत. प्रत्येकाच्या विवेकाचे स्वातंत्र्य, मालमत्ता आणि जीवित यांचे रक्षण केल्याशिवाय कोणतेही सरकार शांततेने टिकणार नाही. धर्माचा प्रभाव राज्यकारभारात मिसळून एका पंथाला वर चढवणे आणि दुसऱ्याला दाबणे अन्यायाचे आहे. धर्मसंस्थेने सभासदाला आपल्यातून काढावे, पण त्याच्या मालमत्तेला किंवा जीविताला हात लावू नये.

याच निवेदनात गुलामांच्या मालकांशी तंटा नको म्हणून गुलामांच्या प्रश्नात हस्तक्षेप न करण्याचेही कलम आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, डिसेंबर १८३३ मध्ये, स्मिथने ईश्वरी आदेश म्हणून जे सांगितले होते, त्यात अमेरिकेची घटना ईश्वराने उभ्या केलेल्या शहाण्या माणसांनी घडवली आणि एका माणसाने दुसऱ्याच्या दास्यात असणे योग्य नाही, असे म्हटले आहे. दोन्ही मजकूर एकाच ग्रंथात आहेत. ज्याला जो सोयीचा तो उचलला, तर पंथाला मुक्तीचा कैवारीही ठरवता येते आणि गुलामगिरीचा पाठीराखाही.

मॉर्मनांना स्वातंत्र्याची ओढ होती ती पुस्तकी नव्हे. मिसुरी संस्थानात त्यांची घरे जाळली गेली. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी गव्हर्नर बॉग्ज याने, मॉर्मनांना शत्रू समजून त्यांचा नि:पात करावा किंवा त्यांना संस्थानाबाहेर घालवावे, असा लेखी हुकूम काढला. तीन दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर सशस्त्र जमावाने सतरा जणांना ठार मारले. तो हुकूम रीतसर मागे घ्यायला १९७६ साल उजाडले.

पण छळ सोसलेला माणूस सत्ता हाती आल्यावर दुसऱ्याचे स्वातंत्र्य जपतोच असे नाही. १८४४ साली स्मिथ इलिनॉयमधील नॉव्हू शहराचा महापौर होता आणि अध्यक्षपदासाठी उभा होता. सरकारी जमिनींच्या विक्रीतून मालकांना मोबदला देऊन १८५० पर्यंत गुलाम मुक्त करावेत, अशी त्याच्या जाहीरनाम्यात योजना होती. त्याच साली काही फुटीर मॉर्मनांनी 'नॉव्हू एक्स्पॉझिटर' नावाचे पत्र काढले. स्मिथच्या बहुपत्नीत्वावर आणि धर्मसत्ता व राज्यसत्ता एकाच हाती आल्यावर त्यांचा रोख होता. पत्राचा एकच अंक निघाला. १० जून १८४४ रोजी नगरपालिकेच्या आदेशाने छापखाना मोडून टाकण्यात आला. त्यावरून अटक झाली, आणि २७ जून रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. १८३५ च्या निवेदनाचा भंग महापौराने छापखान्यावर हात टाकून केला, आणि जमावाने तुरुंगात शिरून केला. दोन्ही गोष्टी इतिहासात लिहिल्या पाहिजेत.

स्मिथ मेला, पण त्याचे नाव राहिले, आणि नाव वापरणारे पुढे आले. अमेरिकेची घटना एका धाग्यावर लोंबकळेल आणि मॉर्मन तिला वाचवतील, अशा अर्थाचे 'पांढऱ्या घोड्याचे भाकीत' त्याच्या नावावर फिरू लागले. ते त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी कागदावर आले होते. हायरमचा मुलगा जोसेफ एफ. स्मिथ पंथाचा अध्यक्ष असताना त्याने ऑक्टोबर १९१८ च्या अधिवेशनात ते खोटे असल्याचे जाहीरपणे सांगितले. तरीही राजकारणात ते भाकीत आजवर डोके वर काढते.

पुढच्याच वर्षी राष्ट्रसंघाचा वाद पेटला. रीड स्मूट हे पंथाच्या बारा प्रेषितांपैकी एक आणि अमेरिकेचे सेनेटरही. त्यांचा मूळ कराराला विरोध होता. पंथाचे दुसरे वडीलधारे बी. एच. रॉबर्ट्स राष्ट्रसंघाच्या बाजूचे. दोन्हीकडून धर्मग्रंथातली वचने निघू लागली. तेव्हा अध्यक्ष हीबर ग्रांट यांनी सप्टेंबर १९१९ मध्ये सांगितले की, आपण स्वत: राष्ट्रसंघाच्या बाजूचे आहोत, परंतु धर्मग्रंथ या वादात ओढले गेले याचे आपल्याला दु:ख होते. आपल्या मताला ग्रंथाचा शिक्का मारण्याची संधी असताना त्यांनी तो मारला नाही.

याच ग्रांट यांचा दारूबंदी उठवण्याला विरोध होता. पण ५ डिसेंबर १९३३ रोजी मॉर्मनबहुल यूटा हेच छत्तिसावे संस्थान ठरले आणि त्याच्या मताने दारूबंदी उठली. १९३६ साली पंथाच्या मालकीच्या दैनिकाने रूझवेल्ट यांच्याविरुद्ध पहिल्या पानावर अग्रलेख लिहिला. यूटाने सुमारे ६९ टक्के मते रूझवेल्ट यांनाच दिली. मॉर्मन माणूस धर्मगुरू सांगेल तिकडे मत देतो, असे ठोकून देणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. त्या माणसांनी धर्म सोडला नाही. मत मात्र स्वत:चे दिले.

१९५८ साली जॉन बर्च सोसायटी ही कडवी कम्युनिस्टविरोधी संघटना निघाली. प्रेषित एझ्रा टॅफ्ट बेन्सन, जे १९५३ ते १९६१ आयझेनहॉवर यांचे शेतीमंत्री होते, तिची उघड स्तुती करीत. पंथाचे अध्यक्ष डेव्हिड मॅके हेही कम्युनिझमचे कट्टर विरोधक. तेव्हा सोसायटीचे कार्यकर्ते मॉर्मन वस्त्यांत सांगू लागले की, अध्यक्ष आमच्याच बाजूचे आहेत. जानेवारी १९६३ मध्ये मॅके आणि त्यांच्या दोन सल्लागारांनी पत्रक काढून या प्रकाराचा निषेध केला. १९६६ मध्ये सोसायटीच्या मासिकाला मुखपृष्ठावर मॅके यांचे चित्र हवे होते. बेन्सन यांच्यामार्फत विनंतीही पोचली. सहकाऱ्यांनी हरकत घेतली आणि शेवटी मॅके यांनी नकार दिला. कम्युनिझमला विरोध हे त्यांचे खरेच मत होते. पण त्या मतावरून त्यांना एका संघटनेच्या दावणीला बांधणे ही खोटी गोष्ट होती. खऱ्या मतावर खोटा निष्कर्ष चढवला म्हणजे तो पटकन खपतो, आणि म्हणून तो अधिक घातक.

आता आमच्या चळवळीला झोंबणारा प्रसंग. टाफ्ट-हार्टले कायद्याचे १४ (ब) हे कलम, कामगाराला संघटनेचे सभासद व्हायला लावणारे करार बेकायदा ठरवण्याची मुभा संस्थानांना देते. १९६५ साली ते रद्द करण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा मॅके आणि त्यांच्या सल्लागारांनी काँग्रेसमधील अकरा मॉर्मन सभासदांना पत्र धाडून, कलम राहावे, निवडीच्या ईश्वरदत्त स्वातंत्र्याला बाध येऊ नये, असे सुचवले. सर्व कामगारांचे हक्क संघटनेने लढून मिळवायचे आणि वर्गणी मात्र काहींनीच भरायची, याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. पण पत्र खरे होते, सह्या खऱ्या होत्या. ते मॅके यांचे मत नव्हते असे मी म्हणालो तर तीही फसवणूकच. तसेच, त्या पत्रावरून संघटनेची वर्गणी भरणारा मॉर्मन कामगार धर्मभ्रष्ट ठरतो असे कोणी म्हटले, तर तीही फसवणूक. पत्र मिळालेल्या सभासदांपैकी काहींनी आदराने कळवले की आपण स्वत:च्या बुद्धीनेच मत देऊ. त्यांनी १८३५ च्या निवेदनाचा मान राखला. रद्द करण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले, सेनेटमध्ये अडले, आणि ते कलम अद्याप आहे.

कामगार चळवळही या दोषातून सुटलेली नाही. गीतकार कामगार जो हिल याला १९ नोव्हेंबर १९१५ रोजी यूटामध्ये खुनाच्या आरोपावरून गोळ्या घालून मारले. खटला न्यायाने चालला काय, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. खुद्द अध्यक्ष विल्सन यांनी मध्ये पडून विनंती केली होती. गव्हर्नर स्प्राय मॉर्मन होते, म्हणून तांब्याच्या खाणमालकांनी आणि मॉर्मन धर्मगुरूंनी मिळून कट केला, असे आमच्या बाजूच्या लिखाणात ठामपणे आले. गव्हर्नरचा धर्म हा कटाचा पुरावा होत नाही. जो हिलवरचा अन्याय सांगायला तेवढ्या आधाराची गरजही नाही.

आज या पंथाचे सभासद एक कोटी सत्तर लाखांहून अधिक आहेत. पंथ कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देत नाही असे सांगतो. मात्र ज्याला तो नीतीचा प्रश्न मानतो त्यात उतरतो, जसा २००८ साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाच्या विरोधात उतरला. २०२३ साली त्याच्या अध्यक्षमंडळाने अनुयायांना बजावले की, उमेदवार न अभ्यासता केवळ परंपरेने एकाच पक्षाला मत देणे लोकशाहीला धोक्याचे आहे.

तात्पर्य एवढेच की, कोणी धर्मगुरूचे, संताचे किंवा पुढाऱ्याचे नाव घेऊन मत मागायला आला, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हे संस्थेने सभेत मान्य केले आहे काय? हे त्या पुढाऱ्याने स्वत: म्हटले आहे काय, केव्हा आणि कशाबद्दल? की हे तुम्हीच त्याच्या तोंडी घालीत आहात? उत्तर मिळेपर्यंत आपले मत आपल्याजवळच ठेवावे. कर्टलंडच्या सभेने ते माणसाचे स्वत:चे मानले होते, आणि यूटाच्या मतदारांनी १९३३ आणि १९३६ साली ते तसेच वापरले.