पाच हात, पाच मुठी

केंदूरला जुनी माणसं विहिरीची खोली अजून परसात सांगतात. परस म्हणजे पुरुष, उभा गडी. दोर मात्र हातानं मोजायचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. संस्कृतातला हस्त प्राकृतात हत्थ झाला आणि आमच्यापर्यंत हात होऊन आला. वितस्तीची वीत झाली, मुष्टीची मूठ. दोन विती म्हणजे एक हात.

पण कुणाचा हात? माझे आजोबा धिप्पाड, शेजारचे भाऊबंद ठेंगणे. बांधावरून जुंपायला एवढं पुरे. म्हणूनच शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या जमीनपाहणीत काठी ठरवून दिलेली होती: पाच हात, पाच मुठी. हात 14 तसूंचा, अख्खी काठी 82 तसूंची. 20 काठ्या लांब नि 20 रुंद तो बिघा, 120 बिघ्यांचा चावर. हाताला सरकारदरबारी एवढा मान पुन्हा मिळाला नाही, असं मला तरी वाटतं.

इंग्रजांची साखळी आली, एकर-गुंठे आले. 1956च्या कायद्यानं मीटर आणला. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर. गजरा मात्र फूलवाली अजून हातावर मोजून देते. माझी आई लहान चणीच्या बाईकडून घेतच नाही.